ज्या बातमीत दोन बाजू सापडत नाहीत, ती जाते कुठे?

रातपाळी

मी नऊ वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर काम केलं. वाहिनीचं नाव लिहिणार नाही, कारण जे सांगणार आहे ते एकाच वाहिनीपुरतं नाही. नोकरी सोडून आता तीन वर्षं होतील. गेल्या महिन्यात माझ्या मावशीने आणि मामाने, सख्ख्या बहीणभावाने, एकमेकांशी बोलणं टाकलं. निमित्त एका नेत्याचं वक्तव्य. ते दोघांपैकी कुणीच पूर्ण ऐकलेलं नव्हतं. दोघांनी पाहिला होता तो बारा सेकंदांचा तुकडा. असे तुकडे कापायचं काम मी स्वतः केलेलं आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

रात्रीच्या चर्चेचा विषय दुपारी चारच्या मीटिंगमध्ये ठरतो. एक जण दिवसभरातल्या बातम्या वाचत जातो आणि प्रत्येक बातमीला एकच प्रश्न येतो, "समोर कोण?" म्हणजे या विषयावर भांडायला दुसऱ्या बाजूने कोण बसेल. नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात आठवडाभर पाणी नाही. समोर कोण? कुणीच नाही. पाणी नाही हे सगळ्यांनाच मान्य आहे. मग ती बातमी टिकरवर, म्हणजे पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीवर, एक ओळ होऊन जाते, फार तर दुपारच्या धावत्या बातम्यांत आठ सेकंद. एखादा आमदार दुसऱ्या पक्षाच्या नेत्याला काही लागेलसं बोलला. समोर कोण? समोर अख्खा पक्ष आहे. विषय ठरला, प्रोमो कापायला घ्या.

मग गेस्ट कोऑर्डिनेटरचे फोन सुरू होतात. आमच्याकडच्या मुलाची एक वही होती. त्यात प्रवक्त्यांचे, प्राध्यापकांचे, निवृत्त अधिकाऱ्यांचे नंबर आणि प्रत्येकापुढे एखादा शब्द. शेतीच्या प्रश्नावर आयुष्य घालवलेल्या एका प्राध्यापकांच्या नावापुढे "शांत" असं लिहिलेलं मी पाहिलं. त्यांना नंतर आमच्याकडून कधी फोन गेला नाही. ते एकदाच आले होते. "या प्रश्नाला तीन पदर आहेत," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या पदरापर्यंत पोचले नाहीत तोच पीसीआरमधून, म्हणजे कार्यक्रमाच्या नियंत्रण कक्षातून, अँकरच्या कानात टॉकबॅकवर आवाज गेला, "तोड, तोड, दुसऱ्या विंडोला जा." मी त्या खोलीत उभी होते. आवाज देणारा माणूस वाईट नव्हता. त्याला गुरुवारी आकड्यांचा जाब द्यायचा होता.

आकडे म्हणजे टीआरपी. प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे मीटर २०२० च्या सुमारास देशभरात साधारण ४४,००० घरांत होते. त्यातल्या मराठी बातम्या बघणाऱ्या थोड्या घरांनी कुठे चॅनल बदललं, यावर आमचा पुढचा आठवडा ठरायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण बाहेर आलं आणि वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबले ते थेट मार्च २०२२ पर्यंत. मला वाटलं होतं, आता जरा मोकळेपणाने विषय घेता येतील. तसं झालं नाही. आकडे येत नसतानाही चारच्या मीटिंगमध्ये तोच प्रश्न, समोर कोण? तो तोवर अंगात मुरला होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा आठवडी बाजार. मंगळवेढा तालुक्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारलं. पाचही जण गेले.

१६ एप्रिल २०२०. पालघर जिल्हा, डहाणू तालुका, गडचिंचले. टाळेबंदीतली रात्र. दोन साधू आणि त्यांचा चालक एका अंत्यविधीसाठी सुरतकडे निघाले होते. चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशी अफवा. जमाव. तिघेही गेले.

अफवा एका जातीची. जमाव तसाच, मरण तसंच. राईनपाडा आमच्या पडद्यावर जेमतेम तीन दिवस होतं. गडचिंचले कित्येक आठवडे चाललं, देशभर चाललं. अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना यादीसकट जाहीर करावं लागलं. राईनपाड्यात मेले ते भटके आणि मारणारा जमाव आदिवासी पाड्यावरचा. दोघांच्याही बाजूने स्टुडिओत येऊन आवाज चढवणारा प्रवक्ता कुठल्याच पक्षाकडे नव्हता. समोर कोणी नव्हतं. म्हणून पाच माणसांचं मरण तीन दिवसांत संपलं.

लोकांची मतं वेगळी आहेत म्हणून आपण फाटलो असं मला वाटत नाही. मतं नेहमीच वेगळी होती. फाटेल तेवढंच आपल्यापुढे ठेवलं जातं आणि जे फाटत नाही ते दिसेनासं होतं, असं मला नऊ वर्षांनी वाटतं.

तुमच्या घरात, गावात, कचेरीत ही भेग कशी आली ते ऐकायचं आहे. कुठला पक्ष बरा यासाठी कृपया दुसरे धागे वापरा.

शिवारवाट

अगदी हेच. आमच्या वस्तीवरची विजेची डीपी जळून सतरा दिवस झाले होते. एका वाहिनीचा वार्ताहर आला, आमच्या चौघांच्या बाईट घेतल्या. लागल्या नाहीत. फोन केला तर म्हणाला, "आमदारांविरुद्ध काहीतरी बोला, म्हणजे लावता येईल." आम्ही बोललो नाही. आमदारांचा त्यात दोष नव्हता, ट्रान्सफॉर्मर शिल्लक नव्हता.

जुनी_पानं

लेख आवडला, पण सगळं खापर टीव्हीवर फोडू नये. टीव्ही नव्हता तेव्हाही महाराष्ट्र असाच फाटलेला होता. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. पुढे सामाजिक सुधारणेवरून इतकं बिनसलं की आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. जिवंतपणी आगरकरांची प्रेतयात्रा काढली ती पुण्यातल्याच लोकांनी. त्या लोकांना कुणी टीआरपी मागितला नव्हता. माणसाला आपला आणि परका लागतो. वाहिन्या आज त्यावर पैसे कमावतात इतकंच.

रातपाळी

@जुनी_पानं, खरं आहे, मीही नाकारत नाही. एक फरक मात्र मला मोठा वाटतो. केसरीचा वाचक सुधारक वाचून चिडायचा, पण वाचायचा. आगरकरांचं म्हणणं काय आहे हे त्यांच्या विरोधकाला त्यांच्याच शब्दांत, अख्ख्या लेखात माहीत असायचं. आणि १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा केसरीत मृत्युलेख टिळकांनी लिहिला. माझ्या मामाला मावशीचं म्हणणं कळतं ते मामाच्या बाजूच्या व्हिडिओतून. मावशीला मामाचं कळतं ते तिच्या बाजूच्या. मावशीने तिला काय वाटतं ते मामाला समोर बसून एकदाही सांगितलेलं नाही.

बूथवाला

मला नीट लिहिता येत नाही, सांभाळून घ्या.

मी पंधरा वर्षं एका पक्षाचा बूथ सांभाळला. कुठला ते राहू द्या. २०१४ च्या विधानसभेला प्रचाराच्या शेवटच्या दिवशी आमची आणि समोरच्या पक्षाच्या पोरांची चौकात गाठ पडली. घोषणा, मग ढकलाढकली, मग दगड. समोरच्या एका पोराचं डोकं फुटलं. तो माझ्याच शाळेतला, सातवीपर्यंत एका बाकावर होतो आम्ही. माझ्यावर आणि अजून आठ जणांवर केस, कलम १४३, १४७, ३२४. त्यांच्यावरही उलटी केस.

त्या रात्री आमच्या नेत्याने फोन करून "वाघ आहेस" म्हटलं. मला फार बरं वाटलं होतं, खोटं सांगत नाही.

मग २०१९ च्या नोव्हेंबरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या नावाने आम्ही शिव्या घातल्या ते आणि आमचे एका सरकारात. बरं, ठीक. मग जून २०२२. मग जुलै २०२३. दरवेळी आमचा नेता कुठे आहे ते आम्हाला मोबाइलवरून कळलं. आता आमचा नेता आणि त्या पोराचा नेता एका व्यासपीठावर एकमेकांना हार घालतात.

केस मात्र चालू आहे. तारखेला आम्ही दोघं तालुक्याला एकाच एसटीने जातो. सुरुवातीला तो पुढे बसायचा, मी मागे. दोन वर्षांपूर्वी गर्दी होती म्हणून शेजारी बसलो. तो म्हणाला, "टाके पडले तिथे थंडीत अजून ठणकतं." मी काय बोलणार. पोरीचं लग्न ठरलंय का विचारलं.

मला एमआयडीसीत सुरक्षारक्षकाची नोकरी लागत होती. चारित्र्य पडताळणीत केस प्रलंबित दिसली, नोकरी गेली. नेत्याकडे गेलो. त्यांच्या पीएने तासभर बसवलं आणि साहेब मुंबईला आहेत म्हणाला. साहेबांची गाडी अंगणात होती.

वाहिनीवाले फाडतात हे बरोबर, ताई. पण चौकात दगड मी उचलला होता. टीव्हीने नाही.

निशिगंध

@बूथवाला दादा, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ.

रातपाळी, तुमच्या लेखातल्या एका गोष्टीवर बोलते. "दोन बाजू" म्हणताना तुम्ही दोन्ही सारख्या धरता आहात. काही वेळा दोन बाजू नसतातच. एक बोलणारा असतो आणि एक ज्याच्याबद्दल बोललं जातं तो.

मार्च २०२० मध्ये दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या मरकजची, तबलिगी जमातच्या मेळाव्याची, बातमी आली. नियम मोडून माणसं जमवणं चूकच होतं. पण पुढच्या आठवड्यात माझा भाऊ हातगाडीवर भाजी घेऊन निघाला, तर ज्या सोसायटीत तो सहा वर्षं भाजी देत होता तिच्या गेटवर त्याला आधार कार्ड मागितलं. भाजीवाल्याला आधार कार्ड कशासाठी? नाव बघायला. वॉचमन ओळखीचा होता, त्याने मान खाली घालून सांगितलं, "कमिटीने सांगितलंय." भाऊ परत आला. मेथीच्या जुड्या होत्या, संध्याकाळपर्यंत पिवळ्या पडल्या. अम्मीने टीव्हीचा प्लग काढून ठेवला.

त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. छापील आणि टीव्ही माध्यमांनी या लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार केला, त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं, असं निकालातच लिहिलं आहे. मी त्या रात्री मुद्दाम प्लग लावला. सुशांतसिंह प्रकरणात मुंबईला आलेल्या सीबीआयच्या गाड्या सगळ्या पडद्यांवर धावत होत्या. आमच्यासाठी खाली एक ओळ आली आणि गेली.

तुमच्या चारच्या मीटिंगमध्ये त्या दिवशी "समोर कोण" विचारलं असेल तर उत्तर काय आलं असेल, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

रातपाळी

@निशिगंध, त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. निकालाची कॉपी दुपारनंतर आली. मी ती वाचली, काही ओळी मराठीत करून ठेवल्या. मीटिंगमध्ये वाचल्या. उत्तर आलं, "यात आपल्याच धंद्याला झोडपलंय, समोर कोण बसणार?" तुम्ही पाहिलेल्या टिकरसारखी ओळ आमच्याकडेही चालली. ती मी लिहिली होती. त्यापुढे मी काहीही केलं नाही. नोकरी सोडायला मला पुढे बराच काळ लागला.

दोन्ही बाजू सारख्या धरते आहे हे तुमचं म्हणणं मान्य. मांडणीत चूक झाली. प्रवक्त्यांना संध्याकाळी गाडी न्यायला येते आणि रात्री सोडायला जाते. गेटवर मेथीच्या जुड्या घेऊन तुमचा भाऊ उभा राहतो.

सह्याद्री_वारा

इथे सगळे एका सुरात बोलत आहेत म्हणून वेगळं लिहितो. गडचिंचल्याचा राग वाहिनीने पेरला, असं धागाकर्तीचं लिहिणं वाचून वाटतं. मला ते लागलं. तो व्हिडिओ मी पाहिला आहे. सत्तरीचे साधू पोलिसाचा हात धरून बाहेर येतात आणि जमावाच्या हाती पडतात. वर्दी समोर असताना. ते बघून माझ्या आईला दोन रात्री झोप लागली नाही. हा राग कुणी शिकवलेला नव्हता. "अफवा होती, विषय संपला" म्हणून आमच्या दुःखाची बोळवण करू नका. दरवेळी आमचीच माणसं मेली की "धार्मिक रंग देऊ नका" हे पहिलं वाक्य येतं. त्यानेच माणूस अजून चिडतो.

रातपाळी

@सह्याद्री_वारा, तुमच्या आईचा राग खरा होता आणि असायलाच हवा होता. पोलीस समोर असताना हे झालं, हाच सगळ्यात मोठा प्रश्न होता. पुढे तपास सीआयडीकडे गेला, पोलिसांवर कारवाई झाली. पण त्या आठवड्यांतल्या आमच्या चर्चांचे विषय मी आठवून पाहिले. पोलिसांकडे किती मनुष्यबळ होतं, अफवा काही दिवस फिरत असताना पोलिसपाटील आणि ग्रामसेवक कुठे होते, डहाणूच्या पाड्यांवर रात्रीची गस्त का सुरू झाली होती, यावर आमच्याकडे एकही कार्यक्रम झाला नाही. कुठला पक्ष साधूंच्या बाजूने आणि कुठला नाही, यावर रोज झाला. तुमच्या आईचं दुःख घेऊन आम्ही दुसऱ्याच कुणाचं भांडण चालवलं.

आणि मी सांगते, राईनपाड्यालाही पोलिसांआधी अफवा पोचली होती. तेव्हा हेच प्रश्न पाच डवरी गोसाव्यांसाठी लावून धरले असते, तर दोन वर्षांनी गडचिंचल्यात काही वेगळं झालं असतं का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्या जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अमेरिकेतल्या कंपनीने काहीतरी केलं. आम्ही चौथ्या दिवशी दुसऱ्या विषयावर होतो.

सह्याद्री_वारा

राईनपाड्याचं मला माहीतच नव्हतं. आज शोधून वाचलं. पाच जण. नावंसुद्धा सापडायला वेळ लागला.

माझं बाकी मत बदललेलं नाही, पण हे लिहिणं भाग होतं.

खडूफळा

मी जालना जिल्ह्यात शिक्षिका आहे. अंतरवाली सराटी आमच्यापासून लांब नाही. १ सप्टेंबर २०२३ ला तिथे मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीहल्ला झाला. त्यानंतर वर्षभर आमच्या भागात जे झालं, त्याला "मराठा विरुद्ध ओबीसी" असं एक नाव सगळ्यांनी देऊन टाकलं. मी वर्गातलं सांगते.

सातवीचा वर्ग. पोषण आहाराला मुलं व्हरांड्यात ओळीने बसतात. कोण कुठे बसायचं हे कधी ठरवावं लागलं नव्हतं, भांडण असायचं ते भिंतीला टेकायला मिळावं म्हणून. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि ओळीत मधे जागा सुटायला लागली. दोन हातभर. रोज तिथेच. मी दोनदा मुलांना सरकून बसायला सांगितलं. सरकली. दुसऱ्या दिवशी जागा परत सुटलेली.

एका मुलाने मला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडून?" मी विचारलं, "कुणाकडून म्हणजे रे?" त्याने आंदोलनातल्या दोन नावांपैकी एक घेतलं. मी वर्गाला विचारलं, आरक्षण म्हणजे काय ते कोण सांगेल? एकही हात वर आला नाही. कुणबी नोंद म्हणजे काय, कुणालाच माहीत नाही. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने काय रद्द केलं, पन्नास टक्क्यांची मर्यादा कुठून आली, हे तर त्यांच्या बापांनाही नीट माहीत नसेल. मुलांचा त्यात दोष नाही. बाजू मात्र प्रत्येकाला पाठ होती.

गावात किराणा कुणाकडून घ्यायचा, दाढी कुणाकडे करायची, इथपर्यंत गेलं होतं. पुढच्या जूनमध्ये वडीगोद्रीला ओबीसींच्या बाजूचं दुसरं उपोषण सुरू झालं तेव्हा कॅमेऱ्याच्या गाड्या या मांडवातून त्या मांडवात फिरायच्या. इकडे काय म्हणाले ते तिकडे ऐकवायचं, तिकडचं उत्तर घेऊन इकडे यायचं. रातपाळी, तुमचा "समोर कोण" इथे अगदी डोळ्यांपुढे रस्त्यावर चालू होता.

ज्या दोन मुलांच्या मधे ती जागा सुटायची, त्यांच्या बापांची शेतं बांधाला बांध आहेत. दोघांचं सोयाबीन त्या वर्षी एकाच उघडिपीत वाळलं. पीकविम्याचे पैसे दोघांचे अडकलेले. आरक्षणाच्या मागणीमागे हेच आहे, शेतीत भागत नाही, पोराला नोकरी पाहिजे आणि जागा कमी आहेत. जागा कमी का आहेत, यावर चर्चा लावली तर समोर कोण बसेल?

आता ती मुलं नववीत आहेत, दुसऱ्या शाळेत. ओळीतली जागा पुढच्या वर्षी हळूहळू बुजली, पण त्या दोघांमधली नाही.

रातपाळी

@खडूफळा, तुमच्या शेवटच्या प्रश्नावरून एसटीचा संप आठवला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झाला. पहिल्या आठवड्यात आम्ही एका वाहकाची पगाराची पावती पडद्यावर लावली होती. मूळ पगार, कपात, सोसायटीचा हप्ता, हातात आलेली रक्कम. मीच ती ग्राफिक्सवाल्याकडून करून घेतली होती, आणि तीन पक्षांच्या समर्थकांचे आम्हाला फोन आले की हे बरं दाखवलंत. नंतर संपाला राजकीय चेहरे मिळाले, मग चर्चा चेहऱ्यांवर. ८ एप्रिल २०२२ ला आंदोलक शरद पवारांच्या 'सिल्व्हर ओक' या घरावर धडकले, त्या दिवसानंतर ती पावती आमच्या पडद्यावर परत आली नाही. फाइल सर्व्हरवर असेल अजून.

जुनी_पानं

माझ्या आधीच्या प्रतिसादात भर घालतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की राजकारणातली भक्ती हा अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. बूथवाला यांचं लिहिणं वाचताना ते आठवलं. भाषण मी अनेकदा वाचलेलं आहे. ज्याची नोकरी त्या भक्तीपायी गेली, असा माणूस समोर बोलताना पहिल्यांदाच ऐकला.

तालुका_कोर्ट

वकिली करतो, म्हणून कामाचं सांगतो. "करणार काय" असा सूर दिसतो आहे, करण्यासारखं थोडं आहे.

एक, द्वेष पसरवणाऱ्या भाषणांवर तक्रारीची वाट न बघता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडला दिला आणि २८ एप्रिल २०२३ ला तो सगळ्या राज्यांना लागू केला. त्यासाठीचं भारतीय दंड संहितेतलं पूर्वीचं कलम १५३अ आता भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे. पोलीस ठाण्यात हा आदेश दाखवावा लागतो, आपणहून फारसं कुणी हलत नाही.

दोन, वाहिन्यांचं. न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अॅथॉरिटी ही वाहिन्यांनीच नेमलेली स्वनियमन संस्था आहे, निवृत्त न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष असतात. तक्रार आधी वाहिनीकडे, प्रक्षेपणापासून सात दिवसांत. उत्तर पटलं नाही तर मग या संस्थेकडे. दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये. एवढ्याने काय फरक पडतो, असं सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२३ मध्ये सुनावलं होतं. तरीही उपयोग होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन हिंदी वाहिन्यांना दंड झाला, एकीला ताकीद मिळाली आणि ते कार्यक्रम इंटरनेटवरून काढून टाकायला लागले. माझ्या मते खरी शिक्षा ती. दंड भरता येतो, व्हिडिओ गेला की पुढची दहा वर्षं लोकांच्या मोबाइलवर फिरत राहत नाही, निदान मूळ ठिकाणाहून तरी.

संस्थेची सदस्य नसलेली वाहिनी असेल तर केबल नियमांत २०२१ मध्ये आणलेली तीन पायऱ्यांची तक्रार व्यवस्था आहे.

@बूथवाला, तुमच्या आणि तुमच्या मित्राच्या केसबद्दल मला निरोप पाठवा. कलम ३२४ आता मिटवता येण्याजोगं राहिलेलं नाही, पण दोन्ही बाजू तयार असतील तर उच्च न्यायालयात दोन्ही केसेस रद्द करून घेण्यासाठी संमतीने अर्ज करता येतो. फी घेणार नाही. दोघांना एकत्र यावं लागेल.

बूथवाला

पुढची तारीख सोळाला आहे. एसटीत विचारतो त्याला.

निशिगंध

सोमवारी रात्रीच्या एका कार्यक्रमात आमच्या वस्तीचा एक व्हिडिओ दाखवला. तो चार वर्षं जुना आहे, उरुसाचा. आताच्या मोर्चाचा म्हणून चालवला. जुना व्हिडिओ माझ्या भावाच्या फोनमध्ये तारखेसकट आहे. तक्रारीत नक्की काय लिहायचं?

रातपाळी

कार्यक्रमाचं नाव, तारीख, तो भाग किती वाजून किती मिनिटांनी सुरू झाला आणि कधी संपला. त्या वेळी पडद्यावर खाली कुठली पट्टी होती ती शब्दन् शब्द, अँकरचं वाक्य जसंच्या तसं. "बदनामी झाली" असं लिहू नका, "हा व्हिडिओ अमुक तारखेचा आहे आणि तो आताचा म्हणून दाखवला" एवढंच लिहा. भावाच्या फोनमधली मूळ फाइल कुणालाही व्हॉट्सअॅपने पाठवू नका, त्यातली तारखेची माहिती पुसली जाते. ईमेलने किंवा केबल लावून घ्या. वाहिनीच्या वेबसाइटवर तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तो टिकरच्या अक्षरांपेक्षाही बारीक असतो पण असतो.

सोमवारपासून सात दिवस म्हणजे येत्या रविवारपर्यंत. मसुदा मला पाठवा, आज रात्री बघून देते. तालुका_कोर्ट, तुम्हीही एकदा नजर टाकाल का?

तालुका_कोर्ट

टाकतो. साडेनऊनंतर मोकळा आहे.

सह्याद्री_वारा

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लागत असेल तर माझ्याकडे सेट-टॉप बॉक्सवर आहे. मी तो कार्यक्रम रोज बघतो. सोमवारचा भाग अजून पुसलेला नाही, पेन ड्राइव्हवर काढून देऊ शकतो.